रिकाम्या पाकिटालाही भाव हवा

नंदुरबारची लाल मिरची पथारीवर वाळते, डंखावर कुटली जाते आणि तिखट होऊन पाकिटात जाते. त्या पाकिटाकडे आपण फारसं बघत नाही. बाहेरून छापील आणि चकचकीत, आतून दुधी किंवा चंदेरी. बोटांना एकच पातळ पापुद्रा लागतो, पण तो एक नसतो. बाहेर 12 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिएस्टर, मध्ये धातूचा मुलामा दिलेली फिल्म किंवा ॲल्युमिनिअमची फॉइल, आत 50 मायक्रॉन किंवा त्याहून जाड पॉलिथिन, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा चिकट थर व छपाईची शाई. तिखट महिनोन्‌महिने लाल राहतं ते या थरांच्या जोरावर. ते संपलं की पाकीट उकिरड्यावर जातं. पुढे त्याचं काय करायचं, याचं उत्तर बनवणाऱ्याकडे नसतं, विकणाऱ्याकडे नसतं आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते पडलेलं असतं तिच्याकडे तर नसतंच.

माझं म्हणणं असं आहे की, रिकाम्या पाकिटाला तालुक्याच्या गावातल्या भंगारवाल्याकडे भाव मिळत नसेल, तर तो पॅकिंगचा शोध अर्धवट आहे असं मानावं. उरलेला अर्धा शोध लावण्याचं काम खान्देशाने हाती घ्यावं. इथे शेतमाल आहे, तो पाकिटात भरणाऱ्या बाया आहेत, प्लास्टिक वितळवून त्याचा पुन्हा माल करणारे कारखाने आहेत आणि प्लास्टिकचं शास्त्र शिकवणारा विभागही आहे. एवढ्या चार गोष्टी एकाच ठिकाणी असलेले पट्टे महाराष्ट्रात फार नाहीत.

थर का लागतात हे समजून न घेता ‘बंद करा हे सगळं’ म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. 1908 साली जाक ब्रांडेनबर्गर या स्विस माणसाने सेलोफेन शोधलं. स्वच्छ, पारदर्शक कागदासारखं. पण त्यातून पाण्याची वाफ आरपार जायची. 1927 मध्ये ड्युपाँ कंपनीत विल्यम हेल चार्च याने त्यावर अगदी पातळ असा ओलावा अडवणारा लेप बसवला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांच्या खऱ्या कामाला आलं. एकट्या पदार्थाला जमत नाही ते दोघांना मिळून जमतं, हे त्या लेपाने दाखवून दिलं. पुढे 1933 साली इंग्लंडमध्ये पॉलिथिन सापडलं, 1941 मध्ये पॉलिएस्टर आलं, आणि प्रत्येकाचा गुण आणि उणीव हळूहळू कळत गेली. पॉलिथिन ओलावा बऱ्यापैकी अडवतं आणि उष्णतेने छान चिकटतं, पण हवेतला ऑक्सिजन आणि मसाल्याचा वास त्यातून सहज निसटतात. पॉलिएस्टर मजबूत, उष्णता सोसणारं, छपाईला उत्तम. ते स्वतः मात्र चिकटत नाही. ॲल्युमिनिअम सगळंच अडवतं, उजेडसुद्धा, पण घडी पडली की चिरतं आणि फार पातळ केलं तर त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. ईव्हीओएच नावाचं एक प्लास्टिक ऑक्सिजन अडवण्यात वाघ आहे, पण ओल लागली की त्याची ताकद जाते. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनच्या मध्ये झाकून ठेवावं लागतं.

या जुळवाजुळवीमागे मोठी बुद्धी खर्च झाली आहे आणि तिने माणसांचं भलंही केलं आहे. स्वीडनमधल्या लुंड गावी 1951 साली टेट्रापॅक कंपनी निघाली आणि दहा वर्षांत तिने निर्जंतुक केलेलं दूध फ्रीजशिवाय टिकवून दाखवलं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी शिजवलेलं जेवण थरदार पाउचमध्ये बंद करून, 121 अंशांच्या आसपास तापवून, सीमेवर पोहोचवायची सोय केली. 1970 च्या दशकात तमिळनाडूतल्या कडलूरहून शाम्पूची पुडी निघाली आणि ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांच्या घरात शाम्पू गेला. मिरचीपुरतं बोलायचं तर उघड्यावर ठेवलेल्या तिखटाचा रंग उजेडाने आणि ऑक्सिजनने उडतो, ओल लागली तर बुरशी धरते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिनसारखं विष येतं. शेतकऱ्याने वर्षभर राबून पिकवलेला माल सडू न देणं हे पुण्याचं काम आहे आणि पाकीट ते काम करतं. वजनाचा हिशेबही त्याच्याच बाजूने आहे. अर्धा किलो तिखटाच्या पाकिटाचं स्वतःचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच तिखटाची काचेची बरणी त्याच्या कित्येक पट जड. ट्रक जड होतो, डिझेल जळतं, बरणी वाटेत फुटते. तेव्हा ‘काचेकडे परत चला’ हा सरसकट उपाय नाही.

दुखणं दुसरीकडे आहे. पॉलिथिन 110 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टरला 250 अंशांच्या पुढे जावं लागतं. दोन्ही एका मशीनमध्ये टाकली तर पॉलिएस्टर वितळेपर्यंत पॉलिथिन खराब व्हायला लागतं, आणि वितळले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत. हाती येतो तो ठिसूळ, उपयोग नसलेला गोळा. त्यात ॲल्युमिनिअम असेल तर आणखी बिकट. थर सोडवण्याचे मार्ग शास्त्रज्ञ शोधत आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने एकेक थर वेगवेगळ्या द्रावकात विरघळवून पुन्हा मिळवण्याची पद्धत 2020 मध्ये प्रसिद्ध केली. काम मोलाचं आहे. पण महागड्या द्रावकांचा तसा कारखाना साक्री किंवा अक्कलकुव्याच्या कचऱ्यासाठी कोण उभारणार आहे?

आपल्याकडचा कचरा आजही माणसाच्या बोटांनी निवडला जातो. भंगार गोळा करणारी बाई पिशवी चुरगळून, तिचा आवाज ऐकून, ताणून बघून सांगते की हा माल कोणता. दुधाची पिशवी ती घेते, बाटली घेते, जाड पॉलिथिन घेते. वेफरचं आणि मसाल्याचं पाकीट ती वेचतच नाही. आमच्या भागातल्या एका भंगारवाल्याला मी चंदेरी पाकिटांबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, “हाऊ माल कोणी लेत नही.” त्याचं बरोबर आहे. पुढे कुणी घेत नाही म्हणून तो घेत नाही, तो घेत नाही म्हणून कुणी वेचत नाही, आणि कुणी वेचत नाही म्हणून सारंगखेड्याची यात्रा उठल्यावर तापीकाठी ती पाकिटं पडून राहतात. पांझरेच्या पात्रात, शेताच्या बांधावर, गुरांच्या पोटात जातात. लोक शेकोटीत जाळतात आणि तो धूर पोरांच्या नाकात जातो.

कायद्याने या प्रश्नाला एकदा नीट हात घातला होता. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की, पुनर्वापर होऊ न शकणाऱ्या थरदार प्लास्टिकचं उत्पादन आणि वापर दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावा. त्याच नियमांनी ग्रामपंचायतींवरही प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी टाकली. दोन वर्षं संपत आली तशी मार्च 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाक्यात भर पडली. आता बंदी फक्त अशा मालाला, ज्याचा पुनर्वापरही होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा कुठलाही उपयोग नाही. प्लास्टिक जळतंच. म्हणजे सिमेंटच्या भट्टीत टाकता येईल असं कुठलंही पाकीट या बंदीतून सुटलं. एका दुरुस्तीने सगळा दबाव निघून गेला, आणि माझ्या मते या विषयात सर्वात मोठं नुकसान त्या दुरुस्तीने केलं. ज्याला नवा माल शोधायची निकड होती, त्याची निकडच संपली.

2022 मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे विकलेल्या पॅकिंगचा कचरा मार्गी लावायच्या कंपन्यांवरच्या जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात लवचीक आणि थरदार पॅकिंगसाठी पुनर्वापराचं किमान प्रमाण ठरवून दिलं: 2024-25 मध्ये 30 टक्के, पुढे दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत 2027-28 मध्ये 60 टक्के. हे पाऊल चांगलं आहे. पण त्यातली वर्गवारी बघा. ज्यात प्लास्टिकसोबत कागद किंवा धातूसारखा दुसरा पदार्थ आहे तेवढंच ‘थरदार’ या वर्गात येतं. पॉलिएस्टर आणि पॉलिथिन यांचं एकमेकांशी कधीही न जमणारं लग्न मात्र साध्या ‘लवचीक प्लास्टिक’च्या वर्गात बसतं, निव्वळ पॉलिथिनच्या पिशवीशेजारी. भंगारवाल्याच्या दृष्टीने या दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक विकली जाते, दुसरी जात नाही. एकाच वर्गात दोन्ही ठेवल्यावर कंपनी आपलं प्रमाण सोप्या मालातून भागवू शकते आणि अवघड माल आहे तिथेच राहतो. वर्गवारी ठरवताना पदार्थाचं नाव पाहण्याऐवजी एका कुळाचा, म्हणजे एकाच जातीच्या प्लास्टिकचा माल आणि अनेक कुळांचा माल असा भेद केला असता, तर कारखानदाराला आपोआप योग्य दिशेने ढकललं गेलं असतं.

एका कुळाचा माल ही आता कल्पना राहिलेली नाही. टूथपेस्टची ट्यूब वर्षानुवर्षं प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमच्या थरांची होती आणि ती कुठेच घेतली जात नव्हती. 2019 मध्ये कोलगेटने एकाच कुळातल्या पॉलिथिनच्या निरनिराळ्या प्रतींचे थर लावून ट्यूब केली आणि अमेरिकेतल्या पुनर्वापर करणाऱ्यांच्या संघटनेने ती प्लास्टिकच्या बाटल्यांबरोबर पुनर्वापरासाठी घेण्याजोगी ठरवली. थर राहिले, दाबल्यावर हवी तशी दबणारी नरमाई राहिली, पण वितळल्यावर सगळं एकजीव होतं. पाउचसाठीही असंच काम जगभर चालू आहे. बाहेर ताणून मजबूत केलेलं पॉलिथिन, आत चिकटणारं पॉलिथिन, मध्ये ऑक्सिजन अडवायला अगदी थोडं ईव्हीओएच किंवा सिलिकॉन ऑक्साइडचा नखभर पातळ लेप.

मग ते जळगाव-धुळ्याच्या दुकानात का दिसत नाही? याचं उत्तर मला बचत गटांच्या खोल्यांत सापडतं. तिथे टेबलावर पायाने किंवा हाताने दाबायचं सीलिंग मशीन असतं. त्याला एक तापणारी तार आणि एक बटण. ताई पाकिटाचं तोंड पट्टीवर धरते, दाबते, अंदाजाने सोडते. बाहेर पॉलिएस्टर असलेलं पाकीट अशा मशीनवर कधीच दगा देत नाही. बाहेरचा थर 250 अंशांपर्यंत हलत नाही आणि आतला 110 ला वितळून चिकटतो. मधल्या शंभराहून अधिक अंशांत ताईचा अंदाज कितीही चुको, पाकीट टिकतं. निव्वळ पॉलिथिनच्या पाउचमध्ये ही मोकळीक फार थोडी उरते. जरा जास्त तापलं की बाहेरचा थरच आक्रसतो, पट्टीला चिकटतो, तोंड वाकडं होतं. जरा कमी तापलं की आत चिकटतच नाही आणि पापडाला हवा लागते. मोठ्या कारखान्यातल्या यंत्राला तापमान काटेकोर धरता येतं. फैजपूरच्या किंवा शहाद्याच्या गटाला ते जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

म्हणजे नवा शोध लागतो आहे तो मोठ्या यंत्रासाठी. हाताच्या सीलिंग मशीनसाठी कुणी शोध लावत नाही. खान्देशात केळीचे वेफर, बिबडे, कळण्याचे पापड, काळा मसाला, लोणची हे सगळं ज्यांच्या हातून बाजारात येतं त्यांच्यापैकी बहुतेकांकडे हेच मशीन आहे. त्यांना छापील रोल घेणंही परवडत नाही. ग्रॅव्ह्युअर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि ऑर्डर मोठी द्यावी लागते. त्या घाऊक दुकानातून तयार कोरे पाउच घेतात, पुढे खिडकी आणि मागे चंदेरी, आणि त्यावर कागदी लेबल चिकटवतात. जे दुकानात मिळतं तेच त्यांच्या नशिबी येतं. ‘कमी घातक पर्याय वापरा’ असं व्यासपीठावरून त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. पर्याय दुकानात आणून ठेवायची जबाबदारी त्यांची नाही.

इथे मला पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा, मार्ग जास्त आश्वासक वाटतो. ताणलेली पीपीची फिल्म 160 अंशांच्या पुढे वितळते, आणि आतल्या चिकटणाऱ्या पीपीला योग्य प्रत निवडून 110 ते 120 अंशांच्या आसपास चिकटवता येतं. मोकळीक पॉलिएस्टरइतकी नाही, पण निव्वळ पॉलिथिनपेक्षा बरी आहे. ओलावा पीपी चांगला अडवतं आणि पापड, बिबडे, वेफर यांना ओलाव्याचीच भीती जास्त. उजेड आणि ऑक्सिजन अडवायचा असेल तर पीपीच्याच फिल्मवर धातूचा मुलामा देता येतो. तो इतका पातळ असतो, मायक्रॉनच्या काही शतांशांएवढा, की वितळवताना त्याचा फारसा अडथळा होत नाही. बाजारातली बरीचशी वेफरची पाकिटं आजही अशीच पीपीवर पीपी असतात. तरीही ती कुणी वेचत नाही, कारण बाहेरून बघून ती इतरांपासून ओळखता येत नाहीत. प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा पाकिटाच्या शिवणीत कुठेतरी मुंगीएवढा छापलेला असतो, किंवा नसतोच.

आणि पीपीच का, याचं दुसरं कारण जळगावच्या एमआयडीसीत आहे. आपल्या लग्नाच्या मांडवात, भागवत सप्ताहात, दवाखान्याच्या ओट्यावर ज्या प्लास्टिकच्या चटया अंथरतात त्यांचं मोठं केंद्र जळगाव आहे, आणि त्या चटईची काडी पीपीची असते. भंगारातलं पीपी धुऊन, वितळवून, दाणा करून पुन्हा काडी ओढण्याचं कसब इथे मुरलेलं आहे. म्हणजे रिकाम्या पाकिटाला लागणारं गिऱ्हाईक आधीपासून दारात उभं आहे. एरवी पुनर्वापराच्या योजना कोसळतात त्या दाण्याला गिऱ्हाईक नसतं म्हणून.

अर्थात पाकीट टाकलं आणि चटई निघाली इतकं हे सरळ नाही. चटईची काडी बारीक असते. दाण्यात कचरा असेल तर मशीनची जाळी तुंबते आणि काडी तुटते. पाकिटावरच्या शाईत नायट्रोसेल्युलोजचा बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पदार्थ, असेल तर तो तापल्यावर जळतो, वायू सोडतो, दाणा काळपट आणि वासाचा होतो. कागदी लेबलाचे तंतू वितळत नाहीत. तेव्हा पाकीट करतानाच चटईवाल्याला विचारलं पाहिजे की तुला काय चालेल. शाई कमी आणि उष्णता सोसणारी, लेबल पीपीच्याच स्टिकरचं, चिकट थर कमीत कमी. छोट्या गटाच्या कोऱ्या पाउचला यातलं निम्मं आपोआप जमतं, कारण त्यावर छपाई नसतेच. मोठ्या ब्रँडला चार रंगांचा मोह सोडायला जड जाईल. बचत गटाला सोडायला काही नाहीच.

याच ओघात केळीच्या खोडाबद्दल बोलायला हवं, कारण खान्देशात पॅकिंगचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपल्या केळीच्या धाग्याचा कागद करा ना.’ भावना मला कळते. घड कापल्यावर खोडांचे ढीग बांधावर पडतात, ते बघून जीव हळहळतो. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडापासून धागा आणि इतर उत्पादनं करण्यावर चांगलं काम केलं आहे. पण कागद ओलावा अडवत नाही. त्याला अडवायला लावायचं तर त्यावर प्लास्टिकचा थर द्यावा लागतो, आणि तसं केलं की पुन्हा न सुटणारं थरदार पाकीट तयार होतं, फक्त दिसायला मातकट आणि सात्त्विक. केळीच्या धाग्याचा पुठ्ठा बाहेरच्या खोक्यासाठी जरूर करा, केळी निर्यातीच्या पेट्यांसाठी करा. तिखटाला चिकटून बसणाऱ्या थरात त्याला घालू नका. मातीत कुजणाऱ्या प्लास्टिकबद्दलही माझं मत असंच आहे. त्यातल्या पीएलएला कुजायला 55 ते 60 अंशांचं तापमान टिकवणारी खताची व्यवस्था लागते. उकिरड्यावर ते वर्षानुवर्षं पडून राहतं आणि चुकून पीपीच्या ढिगात गेलं तर तो ढीगही बिघडवतं.

एक गोष्ट आपण विसरतो. पाकिटाचे थर नुसत्या मालावर ठरवायचे नसतात, तो किती लांबच्या बाजारात जाणार यावरही ठरवायचे असतात. ज्याला गुवाहाटीच्या दुकानात नऊ महिने पडून राहायचं आहे त्याला फॉइल लागेल. ज्या गटाचे बिबडे उन्हाळ्यात होतात आणि पावसाळ्यात जिल्ह्यातच संपतात, त्यांना तेवढी तटबंदी कशाला? तरीही दोघांचं पाकीट सारखं असतं, कारण कुणी मोजून सांगत नाही की या मालाला, या हवेत, इतक्या दिवसांसाठी किती अडवणूक पुरे. आणि हवा आपली वेगळी आहे. पॅकिंगच्या मालाची ‘उष्ण कटिबंधीय’ चाचणी 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेला करतात. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, दुकानाच्या पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तापमान वाढलं की फिल्ममधून ऑक्सिजन आणि वाफ जायचा वेगही वाढतो. मग लगेच जूनमध्ये दमट हवा. या दोन टोकांमधून जाणाऱ्या पाकिटाची चाचणी इथल्या हवेतच व्हायला हवी. त्या चाचणीने काही मालाचे थर कमी होतील, काहींचे वाढतीलही. तिखटाला कदाचित जास्त लागेल. ते मान्य करावं. औषधाच्या पट्टीला, सैनिकाच्या जेवणाला, बाळाच्या दूधपावडरला ॲल्युमिनिअम लागत असेल तर लागू दे. माझा विरोध गरज नसताना सवयीने लावलेल्या थरांना आहे.

अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याचंच विप्रो झालं. त्या काळी वनस्पती पत्र्याच्या डब्यात यायचं आणि डबा रिकामा झाला की त्याचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. कुणी त्यात डाळ ठेवी, कुणी तुळस लावी, फुटका असेल तर भंगारवाला घेई. तो डबा परत आणा असं मी म्हणत नाही. पातळ पाकिटाचे फायदे वर सांगितले आहेत. पण रिकाम्या वस्तूला किंमत असली की ती रस्त्यावर पडत नाही, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

खर्चाचा मुद्दा येणारच. एका कुळाचा पाउच सुरुवातीला महाग पडेल, मागणी थोडी असेपर्यंत पडतोच. तो फरक पापड लाटणाऱ्या बाईने सोसावा असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, जी 2020 मध्ये सुरू झाली, यंत्रसामग्रीला 35 टक्के अनुदान मिळतं आणि गटांच्या ब्रँडिंग-विपणनाला निम्म्यापर्यंत मदत. त्याच योजनेत जळगाव केळीसाठी निवडलेलं आहे. या मदतीला एक अट जोडता येईल: सरकारी पैशातून घेतलेला पाउच एका कुळाचा असावा आणि मागच्या बाजूला त्याचं कूळ ठळक, रुपयाच्या नाण्याएवढ्या अक्षरात असावं. अट घालताना फरकाची रक्कमही योजनेनेच द्यावी. मोठ्या कंपन्यांकडून विस्तारित जबाबदारीपोटी जो पैसा पुनर्वापर करणाऱ्यांकडे जातो, त्यातला काही भाग वेचणाऱ्या बाईच्या हातात किलोमागे थेट पडला पाहिजे. पाकीट एका ग्रॅमचं असो की दहाचं, किलोभर गोळा करायला तिला शेकड्यांनी वाकावं लागतं. त्या वाकण्याचा मोबदला ठरवताना पाकिटाचं वजन न बघता तिचे श्रम बघावेत.

आणि शोधाचं काम? जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे आणि तिथे प्लास्टिक तंत्रज्ञान, खाद्य तंत्रज्ञान, रंग तंत्रज्ञान हे विषय एकाच छताखाली शिकवले जातात. पाउचला नेमके हेच तीन लागतात: फिल्म, आत भरायचा पदार्थ आणि शाई. विद्यार्थ्यांचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यांना परदेशी शोधनिबंधातला विषय देण्याऐवजी हा द्यावा की, सातशे-आठशे रुपयांच्या हाताच्या सीलिंग मशीनवर, तापमान मोजायची सोय नसताना, जो पीपीचा पाउच शंभरात एकदाही उघडणार नाही असा बनवून दाखवा. आतल्या थराची कोणती प्रत, बाहेर उष्णता सोसणारा कोणता लेप, पट्टीवर किती सेकंद. आणि हे ठरवताना प्रयोगशाळेतल्या यंत्रावर न थांबता पाच-सहा गटांच्या टेबलांवर जाऊन, त्यांच्याच हातांनी सील करून बघा. रिकामे पाउच चटईच्या कारखान्यात नेऊन दाणा करा, काडी ओढा, किती मिसळलं तर काडी तुटते ते नोंदवा. निकाल सगळ्यांसाठी खुला ठेवा. हे पेटंटमध्ये कोंडायचं काम नाही.

जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसा ठेवलेला असतो. चौकांची सुशोभीकरणं आणि प्रवेशद्वारं पुष्कळ झाली. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांनी मिळून या एका कामाला पैसे द्यावेत आणि पहिला माल म्हणून तिखटच घ्यावं. पापडाला ओलावा अडवला की झालं; तिखटाला उजेड, ऑक्सिजन, ओल आणि वास हे चारही सांभाळावे लागतात, म्हणून त्याच्यात जो पाउच टिकेल तो बाकी सगळ्यात टिकेल. ऑक्टोबरनंतर नवी मिरची पथाऱ्यांवर येते, हिवाळ्यात कुटून भरता येते, मग तेच पाउच मेच्या पत्र्याखाली आणि पुढच्या श्रावणाच्या दमट हवेत ठेवून उघडता येतात. तेव्हा रंग किती उरला, वास किती उरला, आणि रिकाम्या पाकिटाला नंदुरबारचा भंगारवाला किलोला किती देतो, हे तिन्ही आकडे लोकांसमोर मांडावेत.